जत्रेतला महाकवी : पद्मपूरचा भवभूती

संस्कृत नाटककारांमध्ये कालिदासाच्या शेजारी बसविता येईल असे नाव कोणते, असा प्रश्न रसिकांना केला तर बहुतेकांच्या ओठी भवभूतीचेच नाव येते. किंबहुना करुण रसापुरते बोलायचे तर भवभूतीला कालिदासाहूनही वरचे आसन देणारे पंडित पूर्वीपासून आहेत. हा भवभूती विदर्भाचा आणि तोही गोंदिया जिल्ह्यातील आमगावलगतच्या पद्मपूरचा, हे मात्र पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावे लागते. नागपूरच्या वाचकालाही कधीकधी आठवण करून द्यावी लागते.

त्याच्या चरित्राकडे पाहताना एक गोष्ट मोठी लक्षवेधी वाटते. भवभूतीची तीनच नाटके आपल्याला उपलब्ध आहेत : महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित. या तिन्हींच्या प्रस्तावनेत सूत्रधार एकच प्रसंग सांगतो. भगवान कालप्रियनाथाची यात्रा भरली आहे, लोक जमले आहेत आणि त्यांच्यासमोर हा प्रयोग व्हायचा आहे. राजाचा दरबार, राजपुत्राचा विवाह, विजयोत्सव यांपैकी काहीही नाही. कोणा राजाचे साधे नावही नाही. संस्कृतातला हा अतिशय गंभीर, अतिशय पंडिती समजला गेलेला नाटककार आपल्यासमोर प्रथम उभा राहतो तो जत्रेच्या गर्दीत.

ज्यांचे बालपण झाडीपट्टीत गेले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या टापूत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा खेळण्यांची आणि मिठाईची दुकाने, पाळणे, गोवाऱ्यांचे नाच, दंडार. आणि रात्र पडली की शेतातल्या मांडवात नाटक. ते उजाडेपर्यंत चालते. लेकरे आईच्या मांडीवर अर्धे नाटक झोपेत आणि अर्धे जागेपणी पाहतात. शंकरपट आणि नाटक यांच्यासाठी पाहुणे दहा-दहा कोसांवरून येतात आणि सोयरिकीही तेथेच जुळतात. शहरातल्या नाट्यगृहांना प्रेक्षक मिळेनासे झाले असा गळा काढला जात असतानाही झाडीपट्टीची रंगभूमी होळीपर्यंत भरल्या मांडवात चालत आली आहे. आठव्या शतकातली यात्रा आणि आजची मंडई यांच्यात अखंड परंपरा आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तसा पुरावा नाही. परंतु देवाची यात्रा आणि नाटक यांची जोडी या मातीला अपरिचित नव्हती आणि नाही, एवढे खास.

भवभूतीने स्वतःच्या कुळाविषयी बरेच लिहून ठेवले आहे. याबाबतीत तो कालिदासापेक्षा उदार म्हटला पाहिजे. दक्षिणापथात विदर्भ देशात पद्मपूर नावाचे नगर आहे, असे तो सांगतो. तेथे काश्यप गोत्राचे, तैत्तिरीय शाखेचे, उदुंबर नावाचे ब्राह्मण राहात. पंचाग्नी राखणारे, सोमयाग करणारे, वेदपठणात मुरलेले असे हे घराणे. त्यांतील एका पूर्वजाने वाजपेय यज्ञ केला होता आणि त्याला महाकवी म्हणत. त्याच्यापासून पाचवा पुरुष आपला कवी. आजोबा भट्ट गोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. गुरूचे नाव ज्ञाननिधी आणि शिष्याच्या मते ते नाव अगदी सार्थ होते. श्रीकंठ आणि भवभूती या दोन नावांपैकी पाळण्यातले कोणते आणि पुढे मिळालेले कोणते, यावर टीकाकारांत वाद आहे. शिवस्तुतीच्या एका श्लोकावरून भवभूती हे बिरुद मिळाले अशी जुन्या टीकाकारांची कथा आहे.

या वंशवर्णनात एक शब्द असा आहे की ज्यावर थांबायला हवे. आपले पूर्वज पंक्तिपावन होते, असे तो म्हणतो. म्हणजे जेवणाच्या पंगतीला ज्यांच्या उपस्थितीने पावित्र्य येते असे. आता मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंगतीला कोणाला बसवू नये याची जी लांबलचक यादी दिली आहे, तीत नटही आहेत. आणि भवभूतीची मैत्री नेमकी नटांशी! मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत सूत्रधार मोठ्या आपुलकीने सांगतो की, या कवीचा आम्हा नटमंडळींशी स्वभावतःच स्नेह आहे आणि त्या स्नेहापोटी त्याने आपली कृती आमच्या हाती दिली आहे. वेद, उपनिषदे, सांख्य, योग यांचे अध्ययन केलेला, व्याकरण, मीमांसा आणि न्याय कोळून प्यायलेला हा श्रोत्रियाचा मुलगा ज्यांना पंगतीत स्थान नाही अशांच्या बिऱ्हाडी वावरत होता. याचे त्याच्या घरी काय पडसाद उमटले असतील, याची कल्पना वाचकाने आपली आपण करावी.

त्याचे बालपण कसे गेले हे त्याने सांगितलेले नाही. परंतु मुलांकडे पाहण्याची त्याची दृष्टी पाहिली की हा माणूस आपले लहानपण विसरलेला नव्हता, याची खात्री पटते. उत्तररामचरिताचा चौथा अंक पाहा. वाल्मीकींच्या आश्रमात वसिष्ठ, जनक, कौसल्या अशी थोर मंडळी आली आहेत. सारे वातावरण दुःखाने भारलेले. पण आश्रमातल्या बटूंना त्याचे काय? मोठे पाहुणे आले म्हणून अनध्याय, म्हणजे शाळेला सुटी! त्या लांब दाढीवाल्या म्हाताऱ्यांचे भले होवो, अशा थाटात एक बटू बोलतो आणि गुरुबंधूजवळ पाहुण्यांची थट्टाही करतो.

तेवढ्यात अश्वमेधाचा घोडा आश्रमाजवळ येतो. अरण्यात वाढलेल्या या पोरांनी घोडा हा प्राणी फक्त पोथीत ऐकलेला. ती धावत लवाकडे येतात आणि घोडा कसा असतो ते एका श्वासात सांगू लागतात. त्याला मागे लांब शेपूट असते, ती तो सारखी हलवतो, मान लांब असते, खूर चारच असतात, गवत खातो आणि लीद टाकतो ती आंब्याएवढी. मग वर्णन पुरे, तो लांब चालला, चल लवकर, असे म्हणत लवाला हाताला आणि मृगाजिनाला धरून ओढतात. जत्रेत पहिल्यांदा हत्ती किंवा उंट पाहून आलेले पोर घरी येऊन असेच बोलते. ज्याच्या तिन्ही नाटकांत विदूषक हे पात्रच नाही आणि म्हणून ज्याला विनोदाचे अंग नाही असा शेरा मारला जातो, त्या नाटककाराने हे लिहिले आहे.

नाट्यलेखनातील त्याचा पहिला प्रयत्न महावीरचरित. रामाचे पूर्वचरित्र, सात अंक, वीररस. भाषा प्रौढ, समास लांबलचक, संवादांपेक्षा भाषणे अधिक. राजकारणाचा धागा मात्र नवा आहे. रावणाचा मंत्री माल्यवान पडद्याआडून सूत्रे हलवतो आणि कैकेयीच्या वरांमागेही त्याचाच डाव असतो. या नाटकाच्या पोथ्यांचा इतिहास मोठा विचित्र आहे. पाचव्या अंकाच्या मध्यापर्यंतचाच मजकूर सर्वत्र सारखा आढळतो. पुढचा भाग वेगवेगळ्या पोथ्यांत वेगवेगळा आहे आणि तो इतरांनी पुरा केला असे अभ्यासक मानतात. हे असे का घडले असावे याची निरनिराळी कारणे दिली गेली. त्या नाटकाने कवीला समकालीनांकडून यश दिले नसावे, असा तर्क त्याच्या पुढच्या नाटकावरून करता येतो.

कारण मालतीमाधवाच्या आरंभीच त्याने आपल्या निंदकांना उत्तर दिले आहे. ते उत्तर संस्कृत साहित्यात अजोड आहे. माझी अवहेलना करणाऱ्यांसाठी हा खटाटोप नाहीच, असे तो त्यांना सुनावतो. त्याची भिस्त आहे ती अजून जन्माला न आलेल्या किंवा कोठे तरी दूर असलेल्या समानधर्मी रसिकावर. कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वीही लहान नाही. यात अहंकार आहे, यात शंका नाही. पण हा अहंकार जत्रेतल्या प्रेक्षकांसमोर, नटाच्या तोंडून उघडपणे मांडायला छाती लागते. आपल्या मराठीत समानधर्मा हा शब्द आपण आज सहजपणे वापरतो तो या भवभूतीच्या रागातून आलेला आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते?

ज्या नाटकात त्याने हा राग व्यक्त केला ते मालतीमाधव दहा अंकांचे. कथानक त्याने स्वतः रचले. त्याची सुरुवातही एका उत्सवातच होते. मदनाच्या उद्यानात वसंताचा उत्सव भरला आहे, नगरातले तरुण-तरुणी नटूनथटून आले आहेत, मंत्र्याची कन्या मालती हत्तिणीवरून येते आणि बकुळीच्या फुलांचा हार गुंफत बसलेल्या माधवाची व तिची दृष्टादृष्ट होते. एवढ्या गोड आरंभानंतर हा कवी प्रेक्षकांना थेट स्मशानात नेतो. भुते-पिशाच्चे, चामुंडेचे देऊळ, नरबळी द्यायला निघालेला अघोरघंट आणि त्याची शिष्या कपालकुंडला. मध्ये एका अंकात पिंजऱ्यातून वाघ सुटतो. पद्मावती नगरीत हे सारे घडते; ग्वाल्हेरजवळचे पवाया म्हणजे ती पद्मावती, असे पुराविदांनी ठरविले आहे. नद्यांच्या संगमांचे भवभूतीने दिलेले तपशील प्रत्यक्ष भूगोलाशी जुळतात. हे नाटक पंडितांच्या बैठकीपेक्षा जत्रेच्या मांडवात अधिक रंगले असेल, असे प्रस्तुत लेखकाला नेहमी वाटत आले आहे. त्यात भय आहे, प्रेम आहे, सुटका आहे. रात्र जागवायला आणखी काय लागते?

आणि मग उत्तररामचरित. पहिल्या रामनाटकाची अशी गत झालेली असताना त्याने पुन्हा रामकथेलाच हात घातला. विषय बदलून मोकळा झाला नाही. मात्र यावेळी त्याने विजयी राम सोडला आणि सीतेला टाकून देणारा, त्या दुःखाने आतल्या आत जळणारा राम घेतला. पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण भिंतीवरची चित्रे पाहतात. त्यांच्याच गतायुष्याची ती चित्रे. नवी नवरी होऊन आलेली, जिचे कोवळे दात पाहून सासवांना कौतुक वाटे अशी लहानगी सीता रामाला आठवते. वडील हयात होते, आया आपली काळजी वाहात होत्या, ते दिवस आता गेले, हे त्याच्या मनात येते. सुखाच्या आठवणींची ही उजळणी संपते न संपते तोच लोकापवादाची वार्ता येऊन थडकते. सीता त्याच्या बाहूवर झोपलेली आहे आणि तिला वनात धाडण्याचा निर्णय त्याला घ्यायचा आहे.

तिसऱ्या अंकाची थोरवी किती वर्णावी? बारा वर्षांनी राम पुन्हा पंचवटीत येतो. गंगेच्या कृपेने सीता तेथेच आहे, पण ती कोणाला दिसत नाही. तो मूर्च्छित पडतो तेव्हा तीच त्याला स्पर्शाने सावध करते. तो स्पर्श त्याला ओळखता येतो, ती मात्र दिसत नाही. तिने वाढविलेला हत्तीचा छावा मोठा झाला आहे, तिच्या टाळीवर नाचणारा मोर अजून तेथेच आहे. वनदेवता वासंती रामाला खडे बोल सुनावते आणि ते अदृश्य सीतेला सहन होत नाहीत. या अंकाच्या शेवटी तमसा नदीच्या मुखाने भवभूतीने आपला सिद्धान्त सांगितला आहे : रस मुळात एकच, तो करुण, बाकीचे पाण्यावरच्या भोवऱ्यांसारखे आणि तरंगांसारखे. साहित्यशास्त्र्यांनी हे मत मान्य केले नाही, पण ते विसरताही त्यांना आले नाही.

दुसऱ्या अंकातला शंबूकवध आजच्या वाचकाला खुपतो आणि खुपलाही पाहिजे. कवी आपल्या काळाच्या चौकटीबाहेर गेला नाही. तरी रामाचा हात तेथे सहज उठत नाही. सीतेला टाकणाऱ्या हाताला आता दया कोठून येणार, असे तो स्वतःलाच टोचून घेतो. वधानंतर दिव्य रूप घेतलेला शंबूकच त्याला दंडकारण्य दाखवितो. ते अरण्य पाठ्यपुस्तकी नाही. बांबूच्या बेटांत घुबडे घुमतात आणि त्या आवाजाने कावळे गप्प होतात, गुहांत तरुण अस्वले गुरगुरतात, हत्तींनी मोडलेल्या सालईच्या झाडांचा उग्र वास पसरतो, तहानलेले सरडे अजगराच्या अंगावरचा घाम चाटतात. कालिदासाच्या अरण्यात हरिणे असतात. भवभूतीच्या अरण्यात अजगर असतात. नागझिरा आणि नवेगावबांधच्या जंगलांजवळ राहणाऱ्या माणसाला यातले कोणते अरण्य ओळखीचे वाटेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

सातव्या अंकात तो पुन्हा जत्रेच्या मांडवातच येतो. गंगेच्या काठी वाल्मीकींनी रचलेले नाटक व्हायचे आहे. अप्सरा भूमिका करणार, देव आणि माणसे प्रेक्षक आणि बैठकव्यवस्था लक्ष्मणाकडे! रंगमंचावर सीतात्यागानंतरची कथा सुरू होते आणि राम हे नाटक आहे हे विसरून मध्येच ओरडतो, मूर्च्छित होतो. शेवटी अरुंधती खऱ्या सीतेला घेऊन येते आणि ज्यांनी बोट दाखविले त्या प्रजेलाच विचारते, आता काय म्हणता? सारे लोक सीतेला नमस्कार करतात. रामायणात सीता पृथ्वीच्या पोटात जाते. येथे ती परत येते. संस्कृत नाटकाचा शेवट गोड हवा हा संकेत खराच. पण कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या सामान्य माणसांना, लोकापवाद ज्यांच्या तोंडून जन्म घेतो त्या लोकांनाच, आरशासमोर बसविण्याची ही युक्ती केवळ संकेतातून सुचलेली नाही. याच नाटकाच्या प्रारंभी त्याने म्हणून ठेवले आहे की, स्त्रीच्या आणि वाणीच्या निर्मळपणाबद्दल लोक सारखेच कुत्सित असतात. सीता आणि आपली कविता, दोघींचा फिर्यादी एकच, असे त्याचे मन त्याला सांगत होते. शेवटच्या अंकातला तो नमस्कार दोघींना आहे.

हा कालप्रियनाथ कोणता? जुनी समजूत उज्जयिनीच्या महाकालाची. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते यमुनाकाठच्या काल्पी येथील सूर्याचे देवस्थान ठरविले. दहाव्या शतकातील एका राष्ट्रकूट ताम्रपटात कनोजवरील स्वारीच्या वर्णनात यमुना ओलांडण्यापूर्वी कालप्रियाच्या प्रांगणाचा उल्लेख येतो, हा त्यांचा मोठा आधार. पद्मपूरच्या तरुणाने एवढ्या दूरची वाट धरली ती उत्तरेतील सत्तेच्या आणि रसिकतेच्या केंद्राकडे, हे यावरून उघड होते. कनोजचा राजा यशोवर्मा, ज्याने इ. स. ७३१ मध्ये चीनच्या दरबारी वकील पाठविला होता, त्याच्या आश्रयाला वाक्पतिराज आणि भवभूती होते असे कल्हणाची राजतरंगिणी सांगते. पुढे काश्मीरच्या ललितादित्याने यशोवर्म्याचा पराभव केला. नाटकांत यशोवर्म्याचे नाव नाही. त्यामुळे राजाश्रय मिळाला तो उशिरा, नाटके लिहून झाल्यावर, असे मानण्यास जागा आहे.

ज्या रसिकाची त्याने वाट पाहिली तो मात्र फार उशिरा आला नाही. वाक्पतिराजाने आपल्या गउडवहो या प्राकृत काव्यात भवभूतीला समुद्र म्हटले आणि आपल्या काव्यात दिसतात ते त्याच समुद्रातले अमृतकण, अशी कबुली दिली. दीडशे-दोनशे वर्षांनी राजशेखराने तर आपण वाल्मीकी आणि भवभूती यांचाच अवतार आहोत, अशी फुशारकी मारली. क्षेमेंद्राने त्याच्या शिखरिणी वृत्ताला नाचणाऱ्या मोराची उपमा दिली. लोकांनी एक दंतकथाही रचली : उत्तररामचरित ऐकून कालिदास म्हणाला, सारे सुंदर आहे, फक्त एक अनुस्वार जास्त झाला. दोघांच्या काळात काही शतकांचे अंतर आहे, तेव्हा कथा खोटीच. परंतु कालिदासाला त्याच्यात खोड काढण्याजोगा एकच ठिपका सापडला, असे म्हणणारे लोक भवभूतीचे वैरी नव्हते.

मराठीत परशुरामतात्या गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकात उत्तररामचरिताचा अनुवाद केला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी संस्कृत कविपंचकात कालिदास, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्याबरोबर त्याला बसविले. रा. गो. भांडारकरांनी १८७६ मध्ये मालतीमाधवाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, पां. वा. काणे यांनी उत्तररामचरित संपादिले. त्याचे गाव मात्र बराच काळ हरवलेलेच होते. पद्मपूर म्हणजे मालतीमाधवातील पद्मावतीच, असा घोटाळा करणारेही होते. मिराशींनी विदर्भाच्या ताम्रपटांचा अभ्यास करताना दुर्ग भागात मिळालेल्या एका अपुऱ्या वाकाटक ताम्रपटाकडे लक्ष वेधले. तो पद्मपूर येथून दिलेला होता. म्हणजे हे एके काळी वाकाटकांचे राजस्थान होते. विदर्भाच्या पूर्व टोकाला, दुर्गपासून फार दूर नसलेले आणि नाव टिकवून राहिलेले गाव एकच : आमगावजवळचे पद्मपूर. तेथे जुन्या मूर्तींचे अवशेषही आहेत. या निर्णयाला विरोध करणारे अभ्यासक आहेत, पण त्याहून सबळ दुसरे स्थळ अद्याप कोणी पुढे केलेले नाही.

आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचे नाव आहे. हे गाव हावडा-मुंबई लोहमार्गावर, गोंदियाच्या पूर्वेला येते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा पद्मपूर नव्या जिल्ह्यात गेले. मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी अशा बोली येथे आठवडी बाजारात एकाच वेळी कानी पडतात.